मागच्या अंगणातला माकिवारा: वर्षभराच्या नोंदी

६ जानेवारी, नाहा (ओकिनावा)

वर्षाचा पहिला कराटे सराव आज झाला. इथे त्याला हात्सुगेइको म्हणतात. नाहातली थंडी म्हणजे चौदा-पंधरा अंश, कोल्हापूरकराने तक्रार करावी असं त्यात काही नाही. पण अनवाणी तळव्याला लाकडी जमीन जे सांगते ते थर्मामीटर सांगत नाही.

सराव संपला की सगळ्यांनी मिळून जमीन पुसायची. झोकिन, म्हणजे जुन्या टॉवेलचं दुमडून शिवलेलं फडकं, घट्ट पिळायचं, दोन्ही तळव्यांखाली दाबायचं आणि कंबर वर करून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायचं. पांढरा पट्टा असो नाहीतर सातव्या दानाचा (श्रेणीचा) काळा पट्टा, कुणालाही सूट नाही. पुसता पुसता सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या गुरूंनी, विचारलं, "घरी माकिवारा आहे?" मी म्हटलं, नाही. ते "हं" म्हणाले आणि फडकं पिळायला गेले. या दोजोत, म्हणजे कराटेच्या तालमीत, माझं तिसरं वर्ष आहे, त्यांच्या 'हं'चे प्रकार आता कळतात. हा 'अजून नाही?' असा होता.

तर यंदाचा प्रकल्प ठरला. माकिवारा म्हणजे जमिनीत रोवलेला, वर निमुळता होत गेलेला लाकडी खांब. टोकाला भाताच्या पेंढ्याची गादी, तिच्यावर ठोसे मारायचे. पोटापाण्यासाठी मी स्ट्रक्चरल डिझाइन करते. एक खांब रोवायला कितीसा वेळ लागणार, असं तेव्हा वाटलं खरं.

१० जानेवारी

आधी परवानगी. भाड्याचं घर शुरीत तोरिहोरी भागात आहे, जुनं एकमजली काँक्रीटचं, मागे सहा बाय चार मीटरचं अंगण. शुरी ही राजांची वस्ती आणि नाहा बंदराची. इथली जुनी कराटे घराणीही गावांच्याच नावाने ओळखली जायची: शुरी-ते, तोमारी-ते, नाहा-ते. मी शिकते ते गोजू-र्यू नाहा-तेच्या वंशातलं. हिगाओन्ना कानर्यो (१८५३–१९१५) चीनच्या फुजियान प्रांतात शिकून आले, आणि त्यांचे शिष्य मियागी चोजून (१८८८–१९५३) यांच्या हाताखाली त्याला गोजू, म्हणजे कठोर आणि मृदू, हे नाव मिळालं. थोडक्यात, बिऱ्हाड एका घराण्याच्या गल्लीत आणि गाणं दुसऱ्या घराण्याचं.

घरमालकीणबाईंनी खांबाला हरकत घेतली नाही, पण दोन अटी घातल्या. सकाळी सातच्या आधी आणि रात्री आठनंतर ठोकाठोक नको, ही पहिली. दुसरी अट सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला: खणताना पहारीला लोखंड लागलं तर हात थांबवायचा, बाहेर यायचं आणि पोलिसांना फोन करायचा. शुरीच्या किल्ल्याखालच्या भुयारांत १९४५ साली जपानच्या ३२व्या सैन्याचं मुख्यालय होतं. त्या वर्षीच्या ओकिनावाच्या लढाईतले न फुटलेले तोफगोळे इथे अजूनही पाया खणताना, पाइप टाकताना निघतात. मग रस्ता बंद होतो, आसपासची घरं रिकामी करतात, सैन्याचे लोक येऊन गोळा निकामी करतात. साइटवर हे मी दोनदा पाहिलंय. आपल्याच अंगणाच्या बाबतीत ते डोक्यात आलं नव्हतं.

१८ जानेवारी

होम सेंटरमधून सुगीचा, म्हणजे जपानी देवदाराचा, ९० मिलिमीटर चौकोनी तीन मीटरचा दांडा आणला. मापं: एकूण दोन मीटर, त्यातलं ७५ सेंटिमीटर जमिनीत. वरचं टोक उभ्या पवित्र्यात माझ्या छातीइतकं यायला हवं. मारायची बाजू सरळ ठेवायची, उतार फक्त पाठीमागून काढायचा. टोकाची जाडी दोजोतल्या खांबाची साधारण दीड सेंटिमीटर आहे. मी ३५ मिलिमीटर धरली. सुरक्षित बाजूने. हाडात मुरलेली सवय, दुसरं काय.

२५ जानेवारी

रंधा मारण्यात अख्खा दिवस गेला. आपल्याकडे सुतार रंधा पुढे ढकलतो, इथे तो स्वतःकडे ओढायचा. करवतही ओढताना कापते. पहिला तासभर हात ऐकेचनात, लाकडाच्या चकत्या निघायच्या ऐवजी चिंध्या निघत होत्या. मग लक्षात आलं की ओढताना खांदा वर जातोय आणि कोपर बाहेर पळतंय. "वाकी!" असं ओरडत सेन्सेई ज्या जागी बोट खुपसतात, तीच ती काखेची जागा. ती आवळली आणि रंधा गपचूप सरळ चालायला लागला. सांचिन काताच्या (काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम) पहिल्या पावलात दोन वर्षं जे जमत नाही ते सुतारकामात चार तासांत जमलं. सेन्सेईंना सांगायचं की नाही, ठरवलेलं नाही.

१ फेब्रुवारी

खड्डा. वरची लाल माती अर्ध्या तासात निघाली, चाळीस सेंटिमीटरवर प्रवाळाचा चुनखडी दगड लागला. पुढचे पस्तीस सेंटिमीटर छिन्नी-हातोड्याने. पहारीचा एकदा ठण्ण आवाज आला आणि मी जागीच थिजले. हाताने माती बाजूला केली तर लाल कौलाचा तुकडा, बशीएवढा. कुठल्या घराचा, कोण जाणे. खिडकीत ठेवलाय.

खांबाचं बुड जाळून काळं केलं, त्याने पाणी आणि वाळवी जरा लांब राहते म्हणतात. मग खांब उभा करून मागच्या बाजूला, म्हणजे माझ्यापासून पलीकडे, खाली-वर दोन आडव्या फळ्या दाबल्या, दगडगोटे भरले, कुदळीच्या दांड्याने ठोकून घेतलं.

२ फेब्रुवारी

चाळीस ठोसे झाले आणि खांब मागे कलला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वरून ढकललं की खांब जमिनीलगत मागे रेटतो आणि त्याचं बुड पुढे, मारणाऱ्याकडे, यायला बघतं. म्हणजे वरची फळी मागे हवी आणि तळाची पुढे. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे चित्र काढता येतं. सगळं उपसून पुन्हा बसवलं. ऑफिसात कुणाला सांगायचं नाही.

१५ फेब्रुवारी

उजवं मनगट सुजलंय. खांब पक्का बसला, पण वाकतच नाही. सामान तोलायचा हातकाटा टोकाला अडकवून ओढून पाहिलं: २० किलोला जेमतेम ६ मिलिमीटर. ठोसा खांबात जायच्या ऐवजी कोपरात परत येतो.

सराव सुरू होण्याआधी सेन्सेईंनी मनगट पाहिलं आणि टोकाची जाडी विचारली. मी सांगितली. "काताई," ते म्हणाले. कडक. मग माझा हात धरून दोजोच्या खांबावर टेकवला आणि नुसतं ढकलायला लावलं. खांब मागे गेला आणि हाताला परत रेटा देऊ लागला. न मारता, नुसता टेकवून. "हे आधी. पन्नास दिवस."

दाखला सोपा आहे. पट्टीची जाडी निम्मी केली की तिचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो, कारण जाडी घनात मोजली जाते. मी कागदावर हे रोज करते. मग इथे ३५ मिलिमीटर का ठेवले? मोडेल, या भीतीने.

रात्री पाठीमागून जमिनीपर्यंत पुन्हा रंधा मारला. टोक १५, जमिनीलगत ६०. आता २० किलोला अडीच सेंटिमीटर.

९ मार्च

मनगट बरं आहे. टेकवून ढकलणं रोज सकाळी सात ते सव्वासात. मधल्या काळात दुसरं अवजार, चीशी. दांड्याच्या एका टोकाला जड दगड, मनगट आणि खांद्यासाठी. बाजारात मिळते, पण सिमेंट हा आपला प्रांत.

एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग बारीक खडी. साचा म्हणून रंगाचा छोटा डबा. दांड्याच्या गाडल्या जाणाऱ्या भागात चार खिळे आडवेतिडवे ठोकले. ओल्या काँक्रीटमध्ये लाकूड फुगतं आणि वाळल्यावर आकसून सैल होतं, तेव्हा खिळेच धरून ठेवतात. वजन साधारण चार किलो भरेल. सात दिवस पाणी मारणार, अठ्ठावीस दिवस हात लावणार नाही.

आईला व्हिडिओवर दाखवलं. "अगं, हे तर आजोबांचं करेल!" म्हणाली. खरंच की. आजोबा तालमीत करेल फिरवायचे, त्यांच्या खांद्यामागून तो लाकडी सोटा गोल यायचा. मी ते उंबऱ्याबाहेर उभी राहून पाहिलंय, कारण मुलींना आत पाऊल टाकायची सोय नव्हती. ताक, तेल, हळद घालून मळलेल्या त्या लाल मातीचा वास दारापर्यंत यायचा. तेवढाच माझा वाटा. इथे पहिल्याच दिवशी ऐंशीच्या घरातल्या एका बाईंनी माझ्या हातात फडकं दिलं आणि कोपरा दाखवला. याबद्दल आजोबांशी भांडायला हवं होतं, राहून गेलं.

१२ एप्रिल

चीशी तयार. दांडा जरासाही हलत नाही.

पन्नासावा दिवस होऊन गेला. आता तीस ठोसे उजवे, तीस डावे, पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर. डाव्यापासून सुरुवात, म्हणजे कमकुवत हाताची टाळाटाळ होत नाही. दिवस असा लागलाय: पहाटे साडेपाचला तांब्याभर कोमट पाणी. मग पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत जुनबी उंदो, म्हणजे अंग तयार करायचे व्यायाम. मियागींनी हा सराव बोटांपासूनच सुरू केला आहे, आणि का ते सांचिनमध्ये पाय जमिनीला धरून ठेवायची वेळ आली की कळतं. तीन सांचिन. सातला खांब. आठची मोनोरेल. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी दोजो.

महिन्याची फी, गेश्शा, बारा चौकटी छापलेल्या पाकिटात घालून दोन्ही हातांनी द्यायची. सेन्सेईंच्या पत्नी चौकटीत शिक्का मारून पाकीट परत देतात. एप्रिलचा शिक्का उलटा पडला. त्या तोंडावर हात ठेवून हसल्या.

२० मे

पावसाळा. इथे बुरशी माणसाशी स्पर्धा करते. कपाटातल्या जादा गीच्या, म्हणजे सरावाच्या पोशाखाच्या, कॉलरवर हिरवे ठिपके, पट्ट्यावरही. आता सराव संपला की गी त्याच रात्री धुवायचा आणि पंख्याखाली वाळवायचा, मग कितीही वाजोत. पेंढ्याची गादी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर आतून घाम फुटून सडायला लागली. काढून टाकलं. दोरी सैल करून रात्री गादी घरात, सकाळी पुन्हा बांधायची. पाच मिनिटं जातात. कुरकुर करत करते.

संध्याकाळी वाळवी उडाली. वाऱ्याविना दमट संध्याकाळ असली की पंख फुटलेली वाळवी दिव्यांवर झुंडीने येते आणि अख्खी गल्ली दिवे घालवून बसते. शेजारचा सात वर्षांचा मुलगा कुंपणावरून कुजबुजला, "नेने, तुझ्या खांबाला खातील हं." नेने म्हणजे ओकिनावातली ताई. त्याला म्हटलं, बुड जाळलंय. फुशारकी मारू नये.

२३ जून

इरेई-नो-ही, ओकिनावाच्या लढाईतल्या मृतांचा स्मृतिदिन. दोजो बंद, खांबही बंद. बारा वाजता सगळं मिनिटभर थांबतं. घरमालकीणबाई माबुनीच्या स्मारकाला जाऊन आल्या. तिथे काळ्या दगडांवर नावं कोरली आहेत, ओकिनावाची, जपानची, अमेरिकेची, कोरियाची, शेजारी शेजारी. त्यांनी तिथून काही आणलं नाही, काही सांगितलं नाही. मी नेलेली आंब्याची वडी घेतली आणि एक तुकडा घरातल्या देव्हाऱ्यात ठेवला.

मियागींचा पट्टशिष्य शिनझातो जिनआन याच लढाईत गेला. युद्धानंतर मियागींनी पुन्हा शिकवायला घेतलं ते नाहाच्या त्सुबोया भागातल्या घराच्या अंगणात, उघड्यावर.

१७ ऑगस्ट

दोन गोष्टी. पहिली: कोशिएनच्या शालेय बेसबॉल स्पर्धेत ओकिनावाच्या शाळेचा सामना असताना ठोसे मारू नयेत. शेजारचे आजोबा कुंपणापर्यंत आले, हात जोडून म्हणाले, "नवव्या इनिंगपर्यंत थांबशील?" थांबले. त्यांनीच मग आत बोलावलं. हरलो. थंड बार्लीचा चहा आणि त्यांचं पंचांना बोलणं, दोन्ही भरपूर.

दुसरी: टायफून येतोय. गादी आत, चीशी आत, कुंड्या आत, कौलाचा तुकडासुद्धा आत. खांब बाहेरच. बाथटब पाण्याने भरून ठेवला.

२० ऑगस्ट

छत्तीस तास घरात. ऑफिस बंद, मोनोरेल बंद. बैठकीच्या खोलीत एका चटईएवढ्या जागेत सांचिन केला. तो तेवढ्यातच मावतो, तीन पावलं पुढे, वळा. एरवी दोजोत सेन्सेई मागून खांद्यांवर थापटून शिमे घेतात, कुठे ढिलं आहे ते हाताने शोधतात. कधी दुखतं. इथे थापटायला कुणी नव्हतं. भिंती थरथरत होत्या आणि माझा श्वास वर वर, गळ्यात. सात वेळा केला. सातव्यांदा बेंबीखाली उतरला, मग वीज गेली.

खांब जागच्या जागी. दाराची जाळी मात्र शेजारच्यांच्या अंगणात.

१४ सप्टेंबर

मुलगा बरोबर होता. आज शंभरावा ठोसा पोकळ वाजला. जमिनीलगत सुरी खुपसली तर मुठीपर्यंत आत गेली. बाहेरून कातडं शाबूत, आत सगळी माती. बुड जाळलं होतं, पण जमिनीच्या रेषेच्या दोन बोटं वर जाळायचं राहिलं होतं, वाळवी तिथूनच शिरली.

सेन्सेईंना सांगितलं. "किती महिने टिकला?" साडेसात. "माझा पहिला पाच." त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

२५ ऑक्टोबर

आज कराटे दिवस. १९३६ साली याच तारखेला नाहात मियागी चोजून, क्यान चोतोकू, हानाशिरो चोमो वगैरे गुरुमंडळी एका वर्तमानपत्राच्या पुढाकाराने जमली आणि 'तांग (म्हणजे चिनी) हात' असा अर्थ होणारी जुनी अक्षरं सोडून 'रिकामा हात' हीच अक्षरं वापरायची असं ठरलं. उच्चार दोन्हींचा कराटेच. हानाशिरो १९०५ पासूनच नवी अक्षरं लिहीत होते. ओकिनावाच्या विधानसभेने २००५ साली हा दिवस जाहीर केला.

यानिमित्त नाहाच्या कोकुसाई-दोरी या मुख्य रस्त्यावर सामुदायिक काता होतात. २०१६ साली तिथे ३,९७३ जणांनी एकत्र काता केला होता. मी यंदा पहिल्यांदा रांगेत होते. पुढे सहा वर्षांची मुलगी, मागे काठी बाजूला ठेवून उभे राहिलेले आजोबा. फुक्युगाता हा १९४०च्या सुमारास नवशिक्यांसाठी रचलेला काता, तो सगळ्या घराण्यांसाठी. डांबरावर अनवाणी. तळव्याला सालटं.

मला तो गर्दीचा काता फारसा रुचला नाही, हे इथे लिहून ठेवते. सुंदर दिसतो, पण सगळे एकमेकांकडे बघून करतात. त्यापेक्षा नंतर मात्सुयामा पार्कात हिगाओन्ना-मियागींच्या स्मारकापाशी बसून खाल्लेला ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, जास्त लक्षात राहील.

१६ नोव्हेंबर

नवा खांब. या वेळी चागी. ओकिनावाच्या जुन्या घरांचे खांब याच लाकडाचे असायचे, कारण वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. आता दुर्मीळ, महाग. सेन्सेईंच्या ओळखीच्या सुताराकडे मोडलेल्या घराची एक तुळई होती. किंमत विचारली तर म्हणाला, "कापायचं काम माझ्याकडे राहू दे, रंधा तू मार." दोन शनिवार त्याच्याकडे गेले. लाकूड पिवळसर, जड, रंध्याखाली मेणासारखं. जुन्या खुंटीचं एक भोक राहिलंय, ते मागच्या बाजूला घेतलं.

टोक १६. चागी सुगीपेक्षा ताठ असल्यामुळे दोन मिलिमीटर आणखी काढावे लागतील, हे काट्याआधी तळव्याला कळलं. तरी काटा लावला. लावणारच.

७ डिसेंबर

खांब रोवला. वरची फळी मागे, खालची पुढे. तोच खड्डा, तेच दगड. कौलाचा तुकडा पुन्हा मातीत ठेवावा असं एकदा मनात आलं, पण खिडकीतच राहू दिला.

सेन्सेई आले होते, न सांगता, बायकोने दिलेली कारल्याची पिशवी घेऊन. बूट काढून अंगणातल्या ओल्या मातीत उतरले. अंगठ्याने टोक दाबलं, सोडलं, कान देऊन ऐकलं. मग एक ठोसा, छोटा, जवळून. खांब वाकला, परत आला, त्यांची मूठ तिथेच होती.

"हं."

हा कोणता ते कळलं नाही. चहा घेऊन गेले.

उद्याची कामं: पेंढ्याची नवी दोरी भिजत घालणं. शेजारच्या आजोबांना सांगणं की उद्यापासून पुन्हा सातला आवाज सुरू. दाराच्या जाळीचे दोन स्क्रू. टोकाचे ते दोन मिलिमीटर.